दोन पाख्यांमधली पन्हळ

परळ, लालबाग, काळाचौकी या पट्ट्यात गिरण्यांची जी थोडी छपरं अजून शिल्लक आहेत, ती एखाद्या उंच इमारतीच्या गच्चीवरून पाहावीत. करवतीच्या दात्यांची रांग दिसते. प्रत्येक दात्याची एक बाजू उभी आणि काचेची, दुसरी लांब, उतरती आणि पत्र्याची. छायाचित्रकार या दात्यांवर लुब्ध असतात, वास्तुकलेचे विद्यार्थी त्यांची रेखाटनं करतात. माझी नजर जाते ती दोन दात्यांच्या मधल्या खोबणीत. तिथे पन्हळ असते. आडवी, रुंद, रस्त्यावरून कधीच न दिसणारी. गिरणगावाच्या बांधकामातली ती सर्वांत विचारपूर्वक केलेली जागा आहे असं मला वाटतं, आणि ती साफ करणं हे या शहरातलं सर्वांत कमी दाद मिळालेलं कसब आहे. त्या पन्हळीचं, तिच्या सफाईचं आणि त्या सफाईच्या अंदाजपत्रकाचं हे रसग्रहण. तिन्ही एकत्रच वाचावी लागतात. पन्हळ इतकी रुंद का, हे उमगल्याशिवाय काम उमगत नाही आणि काम उमगल्याशिवाय दर खरा की खोटा ते सांगता येत नाही.

आधी रचना पाहू. कावसजी नानाभाई दावर यांनी 1854 मध्ये ताडदेवला मुंबईतली पहिली कापड गिरणी काढली. पुढच्या काळात लँकेशायरहून यंत्रं आली, तसे इमारतींचे नमुनेही आले. मागावर बसणाऱ्याला दिवसभर एकसारखा, सावल्या न पाडणारा उजेड हवा असतो. तुटलेला धागा क्षणात दिसायला हवा, रंगाची छटा सकाळी आणि संध्याकाळी सारखीच भासायला हवी. उत्तरेकडे तोंड केलेल्या काचेतून असा उजेड मिळतो. पण एवढ्या मोठ्या खात्यावर एकच छप्पर घातलं तर उजेड मधोमध पोचत नाही. म्हणून छपराचे तुकडे केले, प्रत्येक तुकड्याला उत्तरेची काच दिली, आणि दोन तुकडे जिथे भेटतात तिथे पाण्यासाठी पन्हळ घातली. छपराखालच्या उजेडाची सारी व्यवस्था या पन्हळीच्या भरवशावर उभी आहे. ती तुंबली की पाणी थेट मागांवर.

हा नमुना इथे आला तेव्हा त्याच्यावरचं आभाळ बदललं होतं. मँचेस्टरला अख्ख्या वर्षात जेवढा पाऊस होतो, त्याच्या दुपटीहून अधिक मुंबईत चार महिन्यांत कोसळतो. सूर्यही वेगळा. मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरपर्यंत मुंबईत भर दुपारचा सूर्य किंचित उत्तरेला असतो, म्हणजे उत्तरेच्या काचेचा हेतू नेमका त्या अडीच महिन्यांत थोडा ढळतो. त्यातला बराच काळ ढगांनी झाकलेला असतो म्हणून निभावतं. पावसाच्या बाबतीत मात्र निभावण्याची सोय नव्हती. तिथे पन्हळीलाच कामाला लावावं लागलं.

थोडा हिशेब करू. एका पाख्याची आडवी रुंदी 7 मीटर आणि लांबी 30 मीटर धरू. क्षेत्रफळ 210 चौरस मीटर. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे दर चौरस मीटरला एक लिटर पाणी. तासाला 50 मिलिमीटरच्या गतीने पाऊस पडला तर या एका पन्हळीत मिनिटाला 175 लिटर पाणी उतरतं. गती दुप्पट झाली की 350 लिटर, म्हणजे दोनशे लिटरचं पिंप 35 सेकंदांच्या आत भरेल. मुंबईचे जुने पर्जन्यजल नाले तासाला 25 मिलिमीटरच्या हिशेबाने बांधलेले होते; 1993 च्या ‘ब्रिमस्टोवॅड’ अहवालाने ती क्षमता 50 करण्याची शिफारस केली. रस्त्याखालच्या नाल्याला निदान थोडी उसंत मिळते, कारण दूरचं पाणी वाहत येईपर्यंत वेळ जातो. छपराला ती उसंत नाही. पाखं लहान, उतार सरळ. ढगाने दहा मिनिटं जोर केला की ते सगळं पाणी त्याच दहा मिनिटांत पन्हळीत. शिवाय पाऊस शहरभर सारखा पडत नाही. 26 जुलै 2005 रोजी सांताक्रूझला 944 मिलिमीटर पाऊस झाला, त्याच दिवशी कुलाब्याला जेमतेम 75 च्या आसपास. म्हणून शहराची सरासरी डोळ्यांसमोर ठेवून पन्हळ वाचता येत नाही. आपल्या डोक्यावर येऊ शकणारी सर्वांत मोठी सर धरूनच ती वाचावी लागते.

आता तिची रुंदी. गिरगावातल्या चाळीच्या वळचणीला लावलेली पत्र्याची पन्हळ वीतभर रुंद असते. मंगलोरी कौलांवरून येणाऱ्या पागोळ्या झेलून खालच्या नळीत सोडल्या की तिचं काम झालं. ती शिडीवरून, एका हाताने साफ करता येते. गिरणीच्या शेडमधली पन्हळ दोन फुटांच्या आसपास किंवा त्याहून रुंद असते, आणि ती रुंदी नुसत्या पाण्यासाठी नाही. काचा पुसणारा, फुटलेली काच बदलणारा, पत्र्याचा बोल्ट आवळणारा माणूस इथूनच चालत जातो. दोन पावलं शेजारी शेजारी ठेवता येतील एवढी ती रुंद. पावसाळ्यात पाण्याची वाट आणि उरलेल्या काळात माणसाची वाट, अशी दोन कामं एकाच आकारात बसवली आहेत. कारखान्याच्या बांधकामात सौंदर्य शोधायचं ते अशा ठिकाणी, जिथे एकाच रेषेने दोन गरजा भागवलेल्या असतात आणि दोन्ही गरजा खऱ्या असतात.

तिचा उतार तर नजरेला कळतही नाही. मध्ये उंच आणि दोन्ही टोकांना खाली अशी 30 मीटरची पन्हळ असेल आणि उतार दीडशेस एक असेल, तर प्रत्येक बाजूच्या 15 मीटरमध्ये ती फक्त 10 सेंटीमीटर खाली जाते. एवढ्याशा उतारावर पाणी वाहतं, पण गाळ वाहत नाही. तो बसतो, आणि बसला की उतार उरत नाही. टोकाला तोटी असते, तिच्यावर जाळी, तिच्याखाली बिडाचा पाईप. लँकेशायरच्या काही विणशेडमध्ये छपराला टेकू देणारा बिडाचा पोकळ खांबच पाणी खाली नेत असे. एकाच नगावर भार आणि पाणी दोन्ही. दोन फुटी पन्हळीची सगळी भिस्त शेवटी हाताच्या पंजाएवढ्या एका भोकावर असते. म्हणून पन्हळ वाचताना मी आधी तोटी पाहतो, मग तिच्या वर कुठे जादा पाण्याला वाट ठेवली आहे का ते. कडेच्या भिंतीला थोड्या कमी उंचीवर एखादी खाच असली की समजावं, बांधणाऱ्याने तोटी तुंबण्याचा दिवस कल्पिला होता. पाणी आत न शिरता बाहेर सांडेल आणि खालच्याला ते दिसेल, अशी ती सोय. ही खाच ज्याने ठेवली त्याला माझा सलाम.

या रचनेत दोषही आहेत आणि रसिकाने तेही पाहावेत. इतक्या विचाराने बांधलेल्या पन्हळीत माणसाने स्वतःला बांधून घ्यावं असं एकही कडं बहुतेक जुन्या शेडवर नसतो. चालायला जागा दिली, धरायला काही दिलं नाही. पुढे गिरणी कामगारांच्या 1982 च्या संपानंतर गिरण्या एकेक करून बंद पडल्या, काही शेडमध्ये ऑफिसं, दुकानं, खाण्यापिण्याच्या जागा आल्या, आणि वातानुकूलनाच्या नळ्या, केबली, टाक्या नेमक्या या पन्हळीतून किंवा पन्हळीवरून नेल्या गेल्या. माणसाची वाट अडली आणि पाण्याचीही. अलीकडच्या व्यापारी इमारतींत दर्शनी भागामागे लपवलेली चौकोनी पन्हळ असते. तिच्याकडे जाण्याचा रस्ताच नकाशात नसतो. पन्हळ कोणीतरी साफ करणार आहे ही गोष्ट विसरून आखलेलं छप्पर मला अपुरं वाटतं.

पन्हळीत काय साठतं हे पाहिलं तर त्या वस्तीचं वर्ष वाचता येतं. उन्हाळ्याची धूळ, शेजारच्या बांधकामाची सिमेंटची भुकटी, संक्रांतीचा मांजा, गणपतीच्या दिवसांतला फटाक्यांचा कागद, पानं, पिसं, प्लास्टिकच्या पिशव्या, फुटलेल्या काचांचे तुकडे. या सगळ्यावर कावळ्या-साळुंक्यांनी टाकलेल्या बीतून आलेला पिंपळ. आणि कबुतरांची विष्ठा, जिचे थर दादर-गिरगावात बोटाच्या पेराएवढे जाड मिळतात. कबुतरांच्या विष्ठेमुळे होणाऱ्या श्वसनविकारांच्या प्रश्नावरून 2025 मध्ये दादरचा कबुतरखाना झाकण्यापर्यंत गोष्ट गेली आणि शहरात मोठा वाद झाला. पन्हळ साफ करणाऱ्या माणसाच्या नाकाला मात्र ही विष्ठा त्याआधीही लागतच होती.

आता कामाकडे येतो. कसबी माणूस पन्हळीत उतरतो तेव्हा त्याचा पहिला अर्धा दिवस गाळाला हात न लावता जातो, आणि मला त्याच अर्ध्या दिवसाचं सर्वाधिक कौतुक आहे. तो खालून छप्पर पाहतो. कोणता पत्रा सिमेंटचा, कोणता लोखंडी, कुठे उजेडासाठी फायबरचा पत्रा घातलाय, हे आतून ओळखता येतं. वरून धुळीने माखल्यावर सगळे सारखेच दिसतात. जुना सिमेंटचा पत्रा माणसाचं वजन घेईल असं कधीही धरायचं नसतं. पाऊल चुकून पन्हळीबाहेर पडलं तर पत्रा तडकतो आणि माणूस थेट खालच्या फरशीवर. म्हणून जिथे पत्रा ओलांडायचाच असतो तिथे आडव्या पट्ट्या ठोकलेल्या रुंद फळ्या टाकतात, वजन पत्र्यावर न येता खालच्या पर्लिनींवर जाईल अशा. मग दोर. पन्हळीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत आडवी लाईफलाईन ताणतात आणि ती छपराच्या कैचीला किंवा भक्कम बांधकामाला बांधतात. पाण्याच्या पाईपला, अँटेनाच्या दांड्याला किंवा काचेच्या चौकटीला कधीच नाही. पूर्ण अंगाचा हार्नेस आणि त्याला दोन हुक असतात, म्हणजे अडथळा ओलांडताना एक सुटला तरी दुसरा लागलेला असतो. नुसत्या कमरेच्या पट्ट्यावर माणूस लटकला तर त्या झटक्यानेच इजा होते. आणि हार्नेसवर लटकलेल्याला काही मिनिटांत खाली घ्यावं लागतं, त्यामुळे तो कोण उतरवणार, कशाने उतरवणार, हे चढण्याआधी ठरलेलं असतं.

शिडीही वाचण्यासारखी असते. चार फूट उंचीला एक फूट पाया, डोकं टेकूच्या वर तीन फूट निघालेलं, वरचं टोक बांधलेलं. जिथे अंगण मोठं आणि जमीन टणक असते तिथे यांत्रिक लिफ्ट उत्तम. गिरगाव-लालबागच्या गल्ल्यांत ती शिरत नाही. तिथे बांबूची परांची बांधतात, आणि चांगली परांची बांधणारा हातही मोठा कलावंत असतो. खाली दोरी लावून जागा अडवतात, एक माणूस सतत तिथे उभा. वर एकटं कोणी जात नाही. वेळ सकाळची किंवा उन्हं उतरल्यावरची, कारण मेच्या दुपारी पत्रा तव्यासारखा तापतो. वारा, पाऊस, विजा असतील तर काम बंद.

मग सफाई सुरू होते, आणि तिचा क्रम एखाद्या बंदिशीइतका पक्का असतो. आधी तोटीचं तोंड फडक्याने किंवा जाळीने झाकायचं, म्हणजे गाळ पाईपात जाणार नाही. मग कोरडा थर पाण्याने हलका भिजवायचा. हे फार महत्त्वाचं. कोरड्या कबुतरविष्ठेवर खराटा मारला की धूळ फुप्फुसात जाते, आणि शेजारचा पत्रा ॲस्बेस्टॉसचा असेल तर कोरडं खरवडणं किंवा जोराच्या फवाऱ्याने धुणं दोन्ही घातक, कारण तंतू मोकळे होतात. तोंडाला नीट बसणारा मास्क, हातात जाड रबरी मोजे, पायात बूट. काच आणि उंदराचं मूत दोन्हीपासून बचाव, कारण लेप्टोस्पायरोसिस हा मुंबईच्या पावसाळ्यातला जुना शत्रू आहे. गाळ तोटीकडून सुरुवात करून मागे सरकत काढायचा, कडेच्या पत्र्यावर ढीग न करता घमेल्यात भरायचा, घमेलं दोरीने उतरवायचं. वरून फेकायचं नाही. पिंपळ उपटायचा नाही, कारण मूळ भिंतीच्या सांध्यात गेलेलं असतं आणि ओढलं की सांधाच निघतो. बुंध्याशी कापून मुळावर औषध घालायचं, वाळल्यावर सांधा भरायचा. शेवटी तोटी उघडायची, दूरच्या टोकाला नळी धरायची आणि पाणी सोडायचं. पाणी थबकलं कुठे, फिरलं कुठे, खालच्या पाईपातून बाहेर किती वेळात आलं, यातून पन्हळीची तब्येत कळते. कामगाराची नजर पाण्याच्या पुढच्या कडेवर असते. तेव्हा तो पन्हळ ऐकत असतो आणि बघतही असतो, आणि ती त्याला काय सांगते ते दुसऱ्या कोणाला कळत नाही.

या सगळ्यानंतर अंदाजपत्रकाकडे वळू. अंदाजपत्रकही वाचायचं लेखन आहे. त्यात कशाला आधी जागा दिली, कशाला शेवटी, कशाचा उल्लेखच नाही, यावरून लिहिणारा कळतो. सर्वांत आधी त्यातलं एकक वाचावं. दर कशावर लावलाय? रनिंग फुटावर, टनावर, रोजावर की एकरकमी?

रनिंग फुटाचा दर सोपा वाटतो आणि रुंद पन्हळीला तो सर्वांत वाईट. वीतभर, म्हणजे 15 सेंटीमीटर रुंद पन्हळीत 5 सेंटीमीटर गाळ असेल आणि 60 सेंटीमीटर रुंद पन्हळीत 10 सेंटीमीटर, तर फुटामागे दुसरीत आठपट माल असतो. चाळीच्या वळचणीचा दर गिरणीच्या शेडला लावणारा ठेकेदार ती तूट कुठून भरून काढणार? घाईतून, आणि एक माणूस कमी करून. टनावर दर लावला तर उलटा मोह. सार्वजनिक नालेसफाईत गाळाच्या वजनावर पैसे देण्याच्या पद्धतीचे वाद मुंबईला नवे नाहीत. मिठी नदीच्या गाळाचं प्रकरण 2025 मध्ये मुंबई पोलिसांच्या आर्थिक गुन्हे शाखेकडे गुन्हा म्हणून नोंदलं गेलं. वजनाला पैसे असले की गाळ कागदावर जड होतो. रोजावर दिलं तर काम रेंगाळतं. एकक जो मोह निर्माण करतं, तसं काम होतं. रुंद पन्हळीसाठी मला पटणारी रीत अशी: चढण्या-उतरण्याची आणि सुरक्षेची रक्कम वेगळी आणि ठोक, गाळ घनफळावर, आणि शेवटचा हप्ता पाण्याच्या चाचणीवर.

असं एक अंदाजपत्रक करून पाहू. मजुरी, गाडीभाडं, लिफ्टचं भाडं दर मोसमात बदलतं, म्हणून मोजमाप माणूस-दिवसांत. मघाची 30 मीटर लांब, 60 सेंटीमीटर रुंद पन्हळ; गाळ सरासरी 10 सेंटीमीटर. घनफळ 1.8 घनमीटर, म्हणजे 1800 लिटर. घमेल्यात 10 लिटर धरली तर 180 घमेली. ओला गाळ घमेल्याला 15 किलो धरला तर एकूण 2700 किलो. भरणं, सरकणं, उतरवणं मिळून घमेल्याला तीन मिनिटं, म्हणजे नऊ तास. उन्हं टाळून दिवसाला सहा तास काम केलं तर दीड दिवस. त्याआधी फळ्या, दोर, परांची आणि जागा अडवण्याला अर्धा दिवस. नंतर धुणं, चाचणी, दोर सोडणं याला अर्धा. एकूण अडीच दिवस. वर दोघं, दोरीवर एक, खाली एक, असे चौघं. दहा माणूस-दिवस झाले. त्यातले सहा गाळाचे, उरलेले चार गाळाच्या आधीचे आणि नंतरचे.

हे चार माणूस-दिवस पाहा. स्वस्त अंदाजपत्रकात नेमके हेच नाहीसे होतात. ठेकेदार म्हणतो, सहा रोजात करून देतो, आणि मालकाला वाटतं, चाळीस टक्के वाचले. वाचलेल्या त्या चाळीस टक्क्यांत लाईफलाईन होती, जागा अडवणं होतं, फळ्या होत्या, पाण्याची चाचणी होती. उलट शेजारची दुसरी तशीच पन्हळ त्याच वेळी साफ करून घेतली तर फळ्या आणि परांची पुन्हा शून्यापासून उभारावी लागत नाही, म्हणजे दुसरीचा खर्च पहिलीपेक्षा खरोखर कमी. रनिंग फुटाच्या दराला यातलं काहीच कळत नाही. पहिलीला तो माणूस कापतो आणि दुसरीला मालकाला.

पुढच्या ओळी. गाळ वाहून नेण्याचा दर ब्रासवर लावतात, आपला 1.8 घनमीटर म्हणजे पाऊण ब्रासच्या आत, तरी गाडी अख्खी लागते. ही ओळ गाळायची नसते. ती गाळली की गाळ आवारातल्या गटारात जातो, तिथून रस्त्याच्या नाल्यात. परळ-दादरमधलं हिंदमाता खोलगट आहे, चहूकडचं पाणी तिथे येतं. ते रोखून धरण्यासाठी पालिकेने प्रमोद महाजन उद्यान आणि सेंट झेवियर्स मैदानाखाली साठवण टाक्या बांधल्या. आसपासच्या छपरांवरचा गाळ त्याच वाटेला सोडून द्यायचा आणि मग हिंदमाता तुंबल्याची तक्रार करायची, हे एकाच माणसाने करू नये.

मग विमा. उंचावरच्या कामगाराचं नाव विम्यात आहे की नाही, हे कागद पाहून ठरवावं, तोंडी आश्वासनावर नाही. इमारत आणि बांधकाम कामगारांविषयीच्या कायद्याच्या व्याख्येत दुरुस्ती आणि देखभालही येते. पन्हळसफाईला किरकोळ काम समजून त्यातून सुटण्याचा विचार करू नये. नंतर नफा. केंद्रीय सार्वजनिक बांधकाम खात्याच्या दरविश्लेषणात ठेकेदाराचा नफा आणि वरखर्च मिळून 15 टक्के धरलेले असतात. जो ठेकेदार आपला नफा उघडपणे लिहितो त्याच्यावर मी जास्त विश्वास ठेवीन, कारण तो नफा त्याला हार्नेसमधून काढावा लागत नाही. किरकोळ दुरुस्ती, म्हणजे सांधा भरणं, जाळी बदलणं, फुटका पत्रा, याचे दर वेगळे लिहिलेले असावेत. म्हणजे वर गेल्यावर सापडलेली गोष्ट भांडणाशिवाय उरकते.

तारखेची ओळही वाचावी. मुंबईत मोसमी पाऊस येण्याची सर्वसाधारण तारीख 11 जून मानतात. 2025 मध्ये तो 26 मे रोजीच आला, आणि मेच्या शेवटच्या आठवड्यासाठी ठेवलेली कामं तशीच राहिली. म्हणून एप्रिलमध्ये सफाई आणि मेच्या मध्यापूर्वी चाचणी, ही तारीख अंदाजपत्रकात हवी. आणि पावसाळ्यातली एक फेरी, सरींच्या उघडिपीत, फक्त तोटी आणि जाळी पाहण्यासाठी. जून-जुलैत वाऱ्याने आणलेलं एक प्लास्टिक सगळ्या एप्रिलचं काम व्यर्थ करू शकतं. जो ही दुसरी फेरी स्वतःहून लिहितो, त्याला पन्हळ समजली आहे.

आता या सगळ्याचं मूल्यमापन. ज्या अंदाजपत्रकाची पहिली ओळ माणूस वर कसा जाईल आणि खाली कसा येईल याविषयी असते, ते मला श्रेष्ठ वाटतं, कारण त्याचा लेखक कामाच्या क्रमाशी प्रामाणिक आहे. चढणं आधी, गाळ नंतर, कागदावरही तसंच. ज्याची पहिली ओळ फुटाचा दर असते आणि शेवटी कुठेतरी ‘सुरक्षेची सर्व काळजी घेतली जाईल’ असं मोघम वाक्य असतं, त्यातला आकडा कितीही आकर्षक असला तरी रचना फसलेली आहे. गिरणीच्या पन्हळीत पाण्याची आणि माणसाची वाट एकच केली, त्या विचाराची उंची अशा दराला गाठता येत नाही.

लालबाग-परळच्या जुन्या शेडच्या मालकांनी, दादरच्या मंडया आणि मंगल कार्यालयांच्या व्यवस्थापकांनी, गिरगावातल्या चाळींच्या समित्यांनी अंदाजपत्रकं फेब्रुवारीतच मागवावीत आणि एकूण आकड्याआधी चार प्रश्न विचारावेत. लाईफलाईन कशाला बांधणार? वर किती जण, खाली कोण? गाळ कुठे नेणार? चाचणीच्या दिवशी आम्ही हजर राहू का? या चार प्रश्नांना थेट उत्तरं देणारा ठेकेदार बहुधा सर्वांत स्वस्त नसेल. त्याला त्याचा पूर्ण दर द्यावा, घासाघीस केलीच तर गाडीभाड्यावर करावी, आणि पुढच्या छपरावर कडी बसवण्याचं कामही त्यालाच द्यावं, म्हणजे गेल्या शतकाने न दिलेला आधार पन्हळीत चालणाऱ्याला निदान या शतकात मिळेल.